काळुरामचा प्लाझ्मा

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी तेव्हा कल्याणच्या एका खाजगी रुग्णालयात टेक्निशियन होते. तळमजल्यावर लॅब आणि तिला लागूनच छोटीशी ब्लड बँक, दोन्ही मी आणि माझी एक सहकारी मिळून सांभाळायचो. त्या दिवशी मी एका चार वर्षांच्या मुलाच्या रक्तातली प्रथिनं तपासत होते. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर द्रव राहतो तो एका पांढऱ्या पट्टीवर टिपायचा, पट्टीतून वीज सोडायची आणि मग ती लाल रंगात बुडवून धुवायची. वेगवेगळी प्रथिनं वेगवेगळ्या अंतरावर लाल रेघांसारखी उमटतात. सगळ्यात शेवटी गॅमा. रोगांशी झगडणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडीज, त्या टोकाला असतात. कोणाच्याही पट्टीवर तिथे निदान पसरट गुलाबी डाग तरी दिसतोच. या मुलाच्या पट्टीवर तिथे काहीच नव्हतं.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. नऊ वर्षं मी हे काम करत होते आणि माझ्या पट्ट्या स्वच्छ येतात याचा मला थोडा अभिमानही होता. पुन्हा केली. तीच गत. तिसऱ्यांदा त्याच्या शेजारी स्वतःचं रक्त लावलं. माझा गॅमा नीट उमटला, त्याची जागा कोरीच राहिली. मग मी दोन्ही पट्ट्या घेऊन वरच्या मजल्यावर डॉ. चित्र्यांकडे गेले.

वैजयंती चित्रे आमच्याकडे मुलांच्या डॉक्टर होत्या. ठाण्याहून यायच्या. बोलणं कमी, पण पेशंटला तपासायला बसल्या की घड्याळाकडे बघायच्या नाहीत. त्यांनी पट्ट्या खिडकीशी धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "या पोराच्या घशात टॉन्सिल दिसत नाहीत. काल मी तीनदा बघितलं. या वयात ते सुपारीएवढे असतात."

मुलाचं नाव आनंद. डोंबिवली पश्चिमेच्या कोपर गावातलं आगरी कुटुंब. वडील पंढरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. आईचं नाव तुळसा. दहा वर्षांची मोठी मुलगी मंजुळा, ती ठणठणीत. आनंदला मात्र एक वर्षाचा झाल्यापासून आजारांनी सोडलं नव्हतं. कान कायम वाहायचे, तीन वेळा न्यूमोनिया झाला होता, आणि आता गुडघा सुजून लाल झाला होता. औषधाने बरा व्हायचा, पंधरा दिवस खेळायचा, पुन्हा आडवा.

चित्रेबाईंनी तुळसाला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, तुझ्या माहेरी असं कोणी मूल होतं का, मुलगाच, सारखं आजारी पडणारं. मी पट्ट्या परत न्यायला तिथेच थांबले होते. तुळसाने नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.  मग तिने सांगितलं की तिचे दोन भाऊ लहानपणीच गेले, एक तीन वर्षांचा होऊन, एक दीड वर्षाचा. आईचाही एक भाऊ असाच गेला होता म्हणतात. मुली सगळ्या जगल्या.

हे तिने लपवलेलं नव्हतं, पण सांगण्याची सोयही उरली नव्हती. तिच्या सासूला, ठमाबाईला, हे कुठूनतरी कळलं होतं. आनंदच्या दुसऱ्या आजारपणात ठमाबाई त्याला घेऊन भगताकडे गेली. भगताने सांगितलं, सुनेच्या माहेरचं काहीतरी मागे लागलंय, ते पुरुष माणसाला खातं, तिला माहेरी पाठवा. ठमाबाईने तेच घरात लावून धरलं. पंढरीने ऐकलं नाही. मोठा भाऊ काळुराम आईच्या बाजूने उभा राहिला आणि शब्दाला शब्द वाढला. पंढरी बायकोमुलांना घेऊन गावातच एका चाळीच्या खोलीत राहायला गेला. त्याला तीन वर्षं झाली होती. भाऊ भावाशी बोलत नव्हता. एकटी मंजुळा दोन्हीकडे जायची, कारण ठमाबाईचा जीव तिच्यावर होता आणि तिला अडवण्याचं धाडस कोणाला नव्हतं.

आनंदचं रक्त परळच्या एका संशोधन संस्थेत पाठवलं. तिथून आठवड्याने उत्तर आलं की अँटिबॉडीज बनवणाऱ्या पेशी, ज्यांना बी पेशी म्हणतात आणि ज्यांनी टॉन्सिल भरलेले असतात, त्या या मुलाच्या रक्तात जवळजवळ नाहीतच. नुसत्या कमी आहेत असं नव्हे. का नाहीत हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं. आजाराला नाव होतं, तो आईकडून मुलाकडे येतो हे ठाऊक होतं. त्यापुढे सगळा अंधार.

उपाय एकच होता. मुलाला स्वतःच्या अँटिबॉडीज बनवता येत नाहीत, तर दुसऱ्याच्या द्यायच्या. त्याचं शुद्ध औषध परदेशात निघालं होतं, आपल्याकडे मिळणं कठीण. पण निरोगी माणसाच्या रक्तातला पिवळा द्रव, प्लाझ्मा, दर तीन आठवड्यांनी दिला तर काम भागू शकत होतं. चित्रेबाईंची अट एवढीच होती की देणारा माणूस एकच असावा, ओळखीचा, घरातला. दर वेळी नव्या माणसाचा प्लाझ्मा घेतला तर दर वेळी नवा धोका. एकाच माणसाला आम्ही नीट तपासून ठेवू शकतो.

आनंदचा रक्तगट बी. पंढरीचाही बी, पण त्याला लग्नाआधी कावीळ झाली होती आणि तिची खूण रक्तात अजून होती. तो बाद. तुळसाचा गट जुळत नव्हता, शिवाय ती स्वतःच काडी झालेली. पंढरीचे कारखान्यातले दोघे मित्र आले. एकाला मलेरिया होऊन गेला होता, दुसरा एकदा देऊन परत फिरकला नाही. मी त्याला दोष देत नाही. दर तीन आठवड्यांनी दोन तास खाटेवर पडून राहणं, तेही वर्षानुवर्षं, हे मैत्रीत मागण्यासारखं नव्हे.

मग एका शनिवारी सकाळी ब्लड बँकेच्या दारात एक आडव्या बांध्याचा, उन्हाने करपलेला माणूस येऊन उभा राहिला. छाती भात्यासारखी. त्याच्या मागे चार पावलांवर तुळसा, डोक्यावर पदर घेतलेली. तो म्हणाला, "मी काळुराम. पोऱ्याचा मोठा काका. रगत तपासा माझा."

हे कसं घडलं ते मला पुढे त्यानेच सांगितलं. काळुराम खाडीत रेती काढायचा. होडीतून तळाशी बुडी मारायची, बादली रेतीने भरायची, दोर हलवायचा आणि वरच्या माणसाने ओढून घ्यायची. अशा शंभरेक बुड्या दिवसाला. एका दुपारी तो रेतीबंदरावर होडीतून उतरला तर समोर तुळसा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण ती त्याच्याशी कधी थेट बोलली नव्हती. त्यांच्यात धाकट्या भावाची बायको मोठ्या दिरासमोर तोंड उघडत नाही. ती सकाळपासून तिथे थांबली होती, असं बंदरावरच्यांनी त्याला नंतर सांगितलं. तिने भगताचा विषय काढला नाही, भांडणाचा काढला नाही. एवढंच म्हणाली, "दादा, डॉक्टर म्हणतात, तुमचा रगत चालेल बहुतेक. तुमी मना घरात घेऊ नका. पोऱ्याला तेवढा द्या."

 काळुराम तसाच ओल्या अंगाने उभा होता. त्याने विचारलं, कधी यायचं.

त्याचा गट बी निघाला. कावीळ नाही, मलेरिया नाही, बाकीच्या तपासण्याही स्वच्छ. एकच अडचण होती. तळ दिसत नाही अशा गढूळ पाण्यात बुडी मारणारा हा माणूस सुईला घाबरायचा. पहिल्या दिवशी मी दंडाला पट्टा बांधला तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले आणि कपाळावर घाम आला. "ताई, तुमी काहीतरी बोलत ऱ्हा," तो म्हणाला. मी काय बोलणार? मग मी त्याला काय करतेय तेच सांगत बसले. आता तुमचं रक्त या पिशवीत जाईल. पिशवी यंत्रात गरगर फिरवली की लाल भाग तळाला बसेल, पिवळा वर राहील. पिवळा आम्ही काढून घेऊ, लाल तुम्हाला परत देऊ. मग पुन्हा एकदा तसंच.

"लाल परत देणार?" त्याने डोळे उघडले. "मंग पोऱ्याला काय?"

मी सांगितलं की पोराला लाल नकोय, ते त्याचं त्याच्याकडे आहे. तुम्हाला आजवर जे जे आजार होऊन गेले, गोवर, गळवं, खोकला, खाडीच्या पाण्याने झालेलं जे काही, ते सगळं तुमच्या शरीराने लक्षात ठेवलंय. त्या आठवणी या पिवळ्या पाण्यात आहेत. त्याच्या अंगात त्या महिनाभर टिकतील.

 काळुरामने मला त्याला झालेले आजार मोजून दाखवले. लहानपणी मिठागरावर असताना पायाला झालेली जखम, जी चार महिने भरली नव्हती, तीही चालेल का, असं विचारलं. चालेल, मी म्हटलं.

असं ते सुरू झालं. दर तिसऱ्या शनिवारी काळुराम सकाळी आठला यायचा, दहा वाजता उठायचा, चहा प्यायचा. त्यानंतर दोन दिवस बुडी मारायची नाही, अशी चित्रेबाईंची ताकीद होती. तो रविवार-सोमवार होडीवर नुसता दोर धरायचा. दुपारी वरच्या मजल्यावर आनंदला प्लाझ्मा चढवायचे. एकदा सुरुवातीला मुलाला थंडी वाजून अंगावर गांधी उठल्या, तेव्हा काळुराम खाली जिन्यात बसून होता आणि माझ्यातलं काही वाईट गेलं का, हेच त्याने चौघांना विचारलं. तसं काही नव्हतं, अशी रिअॅक्शन कधी कधी येते. पण पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याने सांगितलं की ताडी बंद केली. कोणी सांगितलं नव्हतं. "पोऱ्याच्या अंगात जाते ना," एवढंच म्हणाला.

दोन-तीन महिन्यांत फरक दिसला. कान कोरडे झाले. गुडघ्याची सूज उतरली. त्या हिवाळ्यात आनंदला न्यूमोनिया झाला नाही, आणि जूनमध्ये तो गावातल्या शाळेत पहिलीला बसला.

ठमाबाईला हे माहीत नव्हतं. काळुरामने घरी सांगितलं होतं की होडीच्या कागदांसाठी कल्याणला जावं लागतं. पण होडीचे कागद वर्षभर चालतात का? एकदा कोपराच्या आतल्या बाजूचा कापूस काढायला तो विसरला आणि म्हातारीने तो पाहिला. खूप बोलली. आपलं रक्त त्या बाईच्या दारात ओततोस, उद्या तुलाही तेच लागेल, तिच्यापायी एक मुलगा घराबाहेर गेलाच, दुसरा गमावणार नाही, असं बरंच काही. काळुरामने ऐकून घेतलं. तिसऱ्या शनिवारी पुन्हा आला. ठमाबाई त्या दिवशी जेवली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मग जेवू लागली, पण त्याच्याशी शनिवारी बोलायची नाही. काळुराम हे मला हसत सांगायचा, पण ते त्याला लागत होतं. आईच्या शब्दाबाहेर तो आयुष्यात पहिल्यांदा गेला होता.

दोन्ही भावांचं बोलणं सुरू झालं, पण ठमाबाई तुळसाच्या खोलीवर गेली नाही आणि तुळसा त्या घरात गेली नाही. अशी पाच वर्षं गेली.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. काळुराम खाटेवरून उठून चहा पीत होता आणि चित्रेबाई हातात काही झेरॉक्स पानं घेऊन खाली आल्या. एरवी त्या ब्लड बँकेत येत नसत. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काळुराम, आनंदला काय झालंय ते सापडलं. जानेवारीत परदेशातल्या दोन गटांनी शोधून काढलं. मला आत्ता वाचायला मिळालं."

त्यांनी त्याला समजावलं ते मीही कान देऊन ऐकलं, कारण मलाही माहीत नव्हतं. अँटिबॉडीज बनवणाऱ्या पेशी हाडांच्या पोकळीत जन्मतात. वाढता वाढता प्रत्येक पेशी आपल्या अंगावर एक आकडा, म्हणजे गळासारखा हूक, उभारते. पुढे रोगजंतू आले की ते याच आकड्यात अडकतात. पण पेशी आधी अर्धवट आकडा बनवून बघते, तो नीट बसलाय का. बसला असेल तर आकड्याकडून आत इशारा जातो: ठीक आहे, वाढ, अजून पेशी बनव. हा इशारा एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा हातोहात पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचतो. आनंदच्या पेशींमध्ये या साखळीतलं एक प्रथिन बिघडलेलं आहे. पेशी जन्मतात. आकडाही बनवतात. पण इशारा आत पोचत नाही, आणि इशारा मिळाला नाही की ती पेशी वाढत नाही, तिथेच मरते.

काळुरामने चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे खालच्यानं दोर हलवला, पण वरच्याच्या हाताला हिसका लागलाच नाय."

"अगदी तसंच," चित्रेबाई म्हणाल्या.

"मंग खालचा तरी काय करील?" तो स्वतःशीच म्हणाला.  अशा अपघातांत त्याने माणसं गेलेली पाहिली असणार. मी विचारलं नाही. मग तो वळला आणि त्याने जे विचारलं, ते तो पाच वर्षं विचारायचं टाळत होता असं मला वाटलं.

"बाई, ह्या तुळसाकडून आला ना?"

चित्रेबाईंनी हातातली पानं सारखी केली. "हो," त्या म्हणाल्या.

"मंग आय बोलत होती ता खराच होता."

  चित्रेबाई म्हणाल्या, "तिच्यातून आलं, काळुराम. तिने केलं नाही. बाईकडे त्या प्रथिनाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. तुळसाची एक प्रत चुकीची आहे. तिच्या अंगात ज्या पेशींनी ती चुकीची प्रत वापरली त्या मेल्या, ज्यांनी चांगली वापरली त्या वाढल्या. म्हणून तिला कधी काही झालं नाही, कळलंही नाही. तिच्या आईलाही कळलं नसेल. मुलाकडे मात्र एकच प्रत असते, आईकडून आलेली. आनंदच्या वाट्याला ही आली, दुसरी येऊ शकली असती. माझ्यातही अशा चुका असतील, तुमच्या आईतही असतील. आमच्या मुलांच्या वाट्याला त्या आल्या नाहीत, एवढंच."

"तिला ठावं हाय?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं तिला. मी भावांचं विचारलं ना, तेव्हाच."

काळुरामने मान हलवली. मग म्हणाला, "आनि मंजू?"

"तिच्याकडेही असू शकतं. असेल किंवा नसेल, दोन्ही सारखंच शक्य आहे."

एरवी तो माझा निरोप घ्यायचा, त्या दिवशी तसाच उठून गेला.

तीन आठवड्यांनी आला तेव्हा सुई टोचून झाल्यावर त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी घरी गेला तेव्हा ठमाबाई ओट्यावर बसून मंजुळाच्या डोक्याला तेल लावत होती. मंजुळा तेव्हा पंधरा वर्षांची. ती पाणी भरायला गेल्यावर काळुरामने आईला सगळं सांगितलं, त्याला जमेल तसं. आकड्याचं, दोराचं, दोन प्रतींचं. ठमाबाई म्हणाली, मी कवाशी बोलतेय, तिच्याच घराण्याचा दोष. काळुराम म्हणाला, हो, तिच्याकडूनच आलंय. आणि तिच्याकडून ते मंजूकडेही गेलं असेल.

म्हातारीचा हात तेलाच्या वाटीतच राहिला. "माज्या मंजूला? पोरीनं काय केलाय?"

काळुराम म्हणाला, "ताच तर. तुळसानं तरी काय केला होता, आये?"

ठमाबाई आत गेली. दोन दिवस कोणाशी बोलली नाही. काळुरामला वाटलं, आता हिने अंथरूण धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सुकटीची पुडी घेऊन बाहेर पडली आणि थेट पंढरीच्या खोलीवर गेली.

पुढचं मला तुळसाने सांगितलं. ठमाबाई आत आली नाही, उंबऱ्यावर बसली. पंढरी कामावर होता, मुलं शाळेत. तुळसाने पाणी दिलं. म्हातारी ते प्यायली. माफीबिफीचं काही बोलली नाही. ते त्या बाईच्या स्वभावात नव्हतं, आणि तुळसाला ते नकोही होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुज्या भावांची नावा काय होती?"

तुळसा म्हणाली, ताई, लग्न झाल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. आमच्या घरातही ती नावं कोणी घेत नसे. मी सांगितलं, मोठा बाळाराम. धाकट्याला आम्ही सोन्या म्हणायचो, त्याचं नाव ठेवायचं राहिलंच. ठमाबाईने दोन्ही नावं एकदा उच्चारली. मग म्हणाली, सुकट आज कर, पोऱ्याला आवडते. आणि गेली.

त्या गणपतीला दोन्ही घरं एकत्र जेवली. म्हणजे सगळं गोड झालं असं नाही. ठमाबाई अधूनमधून तुळसाला घालूनपाडून बोलायचीच, पण ते भाजीतल्या मिठावरून. भगताचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. आणि गावात कोणाला मंजुळाबद्दल काही सांगायचं नाही, अशी तिने काळुरामला शपथ घातली. पोरीचं लग्न व्हायचं होतं.

ही शपथ मंजुळानेच मोडली. तुळसाने तिला सगळं सांगितलं होतं. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा एकटीच चित्रेबाईंकडे आली आणि माझीही तपासणी करा म्हणाली. चित्रेबाईंनी तिला परोपरीने सांगितलं की घाई नाही, तुला स्वतःला काहीच होणार नाही, विचार कर. तिने विचार केलेला होता. पदरात असा मुलगा येऊ शकतो हे मला आधी कळलं पाहिजे, ती म्हणाली. आईला कळलं तेव्हा आनंद चार वर्षांचा होता. परळच्या संस्थेमार्फत तिचं रक्त परदेशी गेलं. सात महिन्यांनी पत्र आलं. ते इंग्रजीत होतं. तिने ते माझ्या हातात दिलं. मी वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

"म्हणजे आईसारखंच," ती म्हणाली.

"हो."

तिने पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. आता कोणाला सांगणार, असं मी विचारलं. मला वाटलं आईचं नाव घेईल. ती म्हणाली, आधी आजीला, म्हणजे मग बाकी कोणाची भीती नाही. त्यानंतर पाहायला आलेल्या पहिल्या स्थळाला तिने स्वतः सांगितलं आणि ते परत गेलं. ठमाबाईने त्या लोकांना जे काय ऐकवलं ते कोपरमध्ये पुढे बरेच दिवस चर्चेत होतं. दोन वर्षांनी मंजुळाचं लग्न झालं, दिवा गावच्या एका मुलाशी. तो इलेक्ट्रिशियन होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, मूल झालं की पहिल्याच महिन्यात तपासता येईल ना? येईल, असं कळल्यावर त्याने पुढची बोलणी करायला सांगितलं.

काळुरामने एकूण नऊ वर्षं प्लाझ्मा दिला. सत्त्याण्णव साली नेहमीच्या तपासणीत त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला. चित्रेबाईंनी त्याला थांबवलं. तोवर ते शुद्ध औषध आपल्याकडेही मिळू लागलं होतं, आणि पंढरीच्या कारखान्याच्या वैद्यकीय योजनेतून, बरेच खेटे घालून, आनंदसाठी ते मंजूर झालं. आता एका माणसाच्या नव्हे, हजारो माणसांच्या आठवणी एका छोट्या बाटलीत यायच्या. काळुरामला मी हे सांगितलं तेव्हा त्याला ते तितकंसं आवडलं नाही. हजारो माणसं कोण, कुठली, त्यांना काय काय झालं होतं, हे कोणी बघितलंय का, असं त्याने विचारलं. बघितलंय, मी म्हटलं.

पुढची दोन वर्षं तो आनंदबरोबर येत राहिला. मुलगा वर बाटली लावून पडायचा आणि हा खाली माझ्याशी गप्पा मारायचा. नव्याण्णव साली आनंद पंधरा वर्षांचा झाला, दहावी पास झाला, काकापेक्षा दोन बोटं उंच झाला. एके दिवशी त्याने घरी सांगितलं की मी एकटा जातो, मला कोणी पोचवायला नको. ठमाबाई कुरकुरली. तुळसाने जा म्हटलं. 

त्या शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास लॅबमधला फोन वाजला. पलीकडून टेलिफोन बूथच्या पंख्याचा खडखडाट ऐकू येत होता.

"ताई, काळुराम. पोचला का?"

"पोचलाय. बाटली लावली आत्ताच."

"बरा." तो म्हणाला. "मी फोन केला होता ता त्याला सांगू नका."

मी नाही सांगत म्हटलं. त्याने लगेच फोन ठेवला नाही. मग विचारलं, "त्यानं खाल्लाय का काय?"

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि वर जाऊन बघून आले. आनंद एका हाताने पुस्तक धरून वाचत होता, उशाशी डबा उघडा होता. मी खाली येऊन सांगितलं, पोळीभाजी खाल्लीय, सगळी.

"बरा," काळुराम म्हणाला, आणि मग त्याने फोन ठेवला.